बिनघंटेचा तास

१

विद्यापीठ लहान, त्याचं ग्रंथालय त्याहून लहान, आणि ग्रंथालयाच्या दारातला बातमीफलक मात्र भलताच मोठा. हा फलक म्हणजे ग्रंथपाल बाईंचा जीव की प्राण. सगळं आवार त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणायचं. रोज सकाळी आल्या आल्या त्या आधी फलक पुसायच्या आणि रंगीत खडूंनी ताजी बातमी लिहायच्या. नवी पुस्तकं आली. वाचन कक्षातला पंखा पुन्हा फिरू लागला. एकदा खिडकीत कबुतराची पिल्लं अंड्यांतून बाहेर आली, तर तीही ‘नवे सभासद’ या मथळ्याखाली झळकली. वाचायला कोणी थांबत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

उपक्रमांचंही तेच. बाईंनी प्रदर्शन भरवलं, तर लोक फक्त पाण्याचा नळ कुठे आहे ते विचारून गेले. प्रश्नमंजूषा ठेवली, तर स्पर्धकांपेक्षा परीक्षक जास्त झाले. शेवटी कुलगुरूंनी बोलावून गोड आवाजात सांगितलं, की वाचन कक्ष असाच रिकामा राहणार असेल तर तिथे परीक्षा विभागाची कपाटं ठेवता येतील. बाई त्या दिवशी डबा न खाता घरी आल्या. पण रडत बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. झोपेपर्यंत त्यांच्या डोक्यात नवी कल्पना शिजून तयारही झाली होती.

मूक वाचनाचा तास! दर गुरुवारी दुपारी वाचन कक्षातल्या लांब टेबलाभोवती जमायचं, आवडेल ते पुस्तक घ्यायचं आणि एकत्र बसून मनातल्या मनात वाचायचं. फोन बाहेर ठेवायचा. बोलायचं नाही, मध्ये उठायचं नाही. बाई पितळी घंटा वाजवतील तेव्हाच तास संपला.

आता पहिल्याच दिवशी खुर्च्या रिकाम्या दिसल्या तर फजिती. म्हणून बाईंनी नवऱ्याला गाठलं. नवरा विद्यापीठाची बस चालवायचा आणि दुपारी मोकळाच असायचा. बोलण्यात त्याचा हात धरणारा आवारात कोणी नव्हता. स्टेअरिंग हातात असो, घास तोंडात असो, त्याच्या तोंडाचा पट्टा चालूच. बसमधल्या पोरांनी त्याचं नाव ‘रेडिओ’ ठेवलं होतं आणि त्यालाही ते मनापासून आवडायचं.

“अहो, गुरुवारी या की तासभर. वाचायला.”

“मी?” रेडिओ हसत सुटला. “अगं, मी वाचायला बसलो तर पुस्तकच हात जोडेल. म्हणेल, बाबा रे, जरा मलाही बोलू दे.”

“तिथे बोलायचं नाहीच आहे. नुसतं बसायचं. मला खुर्ची भरायची आहे.”

“तासभर गप्प? त्यापेक्षा मला बसखाली घाल ना.”

“एक शब्द जरी काढलात तरी आठवडाभर भांडी तुमच्याकडे.”

गुरुवारी तो आला. वसतिगृहातल्या दोघीचौघी मुली आल्या. पेपर चाळायला आलेले गणिताचे निवृत्त सर भिडेखातर थांबले. रेडिओने चित्रं जास्त म्हणून मधमाशीपालनाचं एक पातळसं पुस्तक उचललं. आता हा फुटतो, मग फुटतो म्हणून बाई काउंटरमागून टक लावून बघत राहिल्या. पण गडी हूं की चूं न करता बसला. घंटा झाली तेव्हा झोपेतून उठावं तसा त्याने मान वर केली, आणि त्याचा चेहरा उजळलेला होता.

“अगं, काय झकास वाटलं!” तो म्हणाला. बाईंना तर आकाश ठेंगणं झालं.

२

पुढच्या गुरुवारी खुर्च्या भरल्या. त्याच्या पुढच्या गुरुवारी शेजारच्या वर्गांतून बाकं आणावी लागली. कारकून आले, प्रयोगशाळेतले मदतनीस आले, आपल्या कॅन्टीनला कडी लावून कॅन्टीनवालाही आला. गेटवरचा पहारेकरी हातात बालकथा घेऊन बसलेला दिसला तेव्हा बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. नव्याचे नऊ दिवस म्हणणाऱ्यांची तोंडं बंद झाली. बाईंचे फोटो समाजमाध्यमांवर फिरले, कुलगुरूंनी स्वतः येऊन पाठ थोपटली, आणि कपाटांचा विषय कपाटातच गेला. फलकावर आता तीन रंगांत बातम्या झळकू लागल्या आणि लोक थांबून त्या वाचूही लागले.

अशाच एका भरल्या दुपारी बाईंच्या कानाला काहीतरी खटकलं.

वाचन कक्षाचे आवाज त्यांना घरच्या भांड्यांसारखे ओळखीचे. इथे एक पान सळसळतं, तिकडे कोणी खाकरतं, मग कोपऱ्यात दुसरं पान, खुर्चीची कुरकुर. सगळं कसं विस्कटलेलं, ऐकताना डोळा लागेल असं. त्या दिवशी मात्र बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग एकच आवाज झाला. सर्रर्र. मोठी चादर झटकावी तसा. आणि पुन्हा सामसूम.

बाईंनी मान वर केली. सगळे वाचत होते. त्या वाट बघत राहिल्या. थोड्या वेळाने टेबलाभोवतीचे सगळे उजवे हात एकदम उचलले गेले आणि सगळी पानं एकदम उलटली.

सरांपुढे बारीक अक्षरातला जाडजूड ग्रंथ होता, एका मुलीपुढे कविता होत्या, पहारेकऱ्याच्या पुस्तकात तर पानभर हत्ती आणि खाली एक ओळ. रेडिओपुढे मधमाशा. कोणाचं पान मोठं, कोणाचं छोटं, कोणी भरभर वाचणारा, कोणी अक्षर लावत वाचणारा. आणि पान मात्र सगळ्यांचं एकदम संपत होतं.

बाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पण बाई शिकलेल्या, त्यांनी पालीला हाकललं. तास संपल्यावर त्यांनी सरांना गाठलं.

“सर, हे असं कसं हो?”

“उत्तम प्रश्न!” सर खुशीत म्हणाले. त्या दिवसांत सगळेच खुशीत असायचे. “टाळ्या आठवा. सभेत आधी वेड्यावाकड्या पडतात, मग आपोआप ठेका धरतात. कोणी ठरवून करत नाही. एकत्र बसलं की माणसं एकमेकांना जुळतात, एवढंच.”

“पण टाळीत वाचायचं काही नसतं, सर.”

सर हसले. “गंमत आहे खरी,” एवढं म्हणून ते पायऱ्या उतरून गेले. सकाळपासून संध्याकाळपर्यंत शंकेचं निरसन करणारा माणूस, पण त्या दिवशी तो ते अर्ध्यावर टाकून गेला. बाईंनी आपली स्वतःची समजूत काढली आणि दुसऱ्या दिवशी फलकावर हिरव्या खडूने लिहिलं, ‘एका लयीत वाचणारं आपलं ग्रंथालय!’

३

घरी रेडिओचा आवाज हळूहळू बारीक होत गेला.

सुरुवातीला बाईंना बरंच वाटलं, खोटं कशाला बोला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा त्यांना प्रेशर कुकरच्या शिट्ट्या मोजता आल्या. बहिणीला फोनवर त्यांनी हसत हसत सांगितलंही, “अगं, पुस्तकाचा गुण आला बघ. माणूस ऐकायला शिकला.” पण बोलणाऱ्या माणसाची शांतता वेगळी असते. तिला एक जागा असते, रोज ठेवलेली वस्तू कोणी उचलून नेल्यावर राहते तशी. न्हाणीघरातून गाणं येईना. पेपरातली बातमी मोठ्याने वाचून ‘घ्या, ऐका’ म्हणणं थांबलं. रात्री दिवा मालवल्यावर दिवसभराचा बसमधला सगळा बाजार तो बाईंना सांगायचा. कोण कोणाशेजारी बसलं, कोण रडत चढलं, कोणाचा डबा सांडला. बाई ऐकता ऐकता झोपायच्या. आता त्यांना झोप येईना.

ग्रंथालयाच्या शिपायाने, म्हणजे मामांनीही एकदा विचारलंच. “बाई, रेडिओ बिघडला का हो? बसमध्ये पोरं म्हणतात, काका रुसलेत.”

त्या संध्याकाळी बाई त्याच्यासमोर बसल्या.

“अहो, बरं नाही का तुम्हाला?”

“बरं आहे.”

“कोणी काही बोललं का?”

“नाही.”

“मग बोला ना काहीतरी! काय वाचताय ते तरी सांगा. मधमाशांचं काय चाललंय?”

त्याने तोंड उघडलं. बाई पुढे झुकल्या. त्याच्या ओठांवर शब्द येतोय असं वाटलं, आणि मग तो गोड हसला. “संपलं की सांगतो.”

ते पुस्तक मुळात एवढंसं. दोन बैठकांत हातावेगळं व्हावं असं. इतके गुरुवार त्याची पानं उलटतच होती. दुसऱ्यांदा वाचत असतील, बाईंनी स्वतःला सांगितलं. माणसं वाचतात दुसऱ्यांदा. त्यांनी त्याचा हात हातात घेतला. हात ऊबदार होता, नेहमीचाच होता. तरी बाईंना भडभडून आलं. आपला माणूस समोर बसलेला असताना त्याची आठवण यावी, हे काय भलतंच?

पुढच्या गुरुवारी याला बसू द्यायचं नाही, असं त्यांनी त्याच रात्री पक्कं केलं.

४

पण गुरुवार उजाडला तो वेगळीच वरात घेऊन. तासाच्या आधी सगळे वाचक काउंटरपुढे येऊन उभे राहिले. पुढे सर, मागे कॅन्टीनवाला, मुली, पहारेकरी, आणि त्यांच्यात रेडिओही.

“बाई, एक विनंती आहे,” सर म्हणाले. “घंटेने वाचन तुटतं. पुस्तक रंगात आलेलं असतं आणि नेमकी घंटा होते. ती बंद करता येईल का? ज्याचं वाचून होईल तो उठेल.”

आता ग्रंथपालाची जात कशी असते ते ग्रंथपालालाच ठाऊक. सगळा जन्म लोकांना ‘वेळ संपली, उठा’ म्हणण्यात, नाहीतर ‘जरा बसा हो’ म्हणून विनवण्यात जातो. ‘आम्हाला उठवू नका, आम्हाला आणखी वाचायचं आहे,’ असं सगळ्यांनी मिळून येऊन सांगणं, हे बाईंनी स्वप्नातही पाहिलं नव्हतं. त्यांचा ऊर भरून आला. रात्रीचा निश्चय कुठल्या कुठे गेला. हुरळली मेंढी अन् लागली लांडग्याच्या पाठी, दुसरं काय!

“अहो, विनंती कसली!” बाई म्हणाल्या. “मामा, ती घंटा आतल्या कपाटात ठेवा. आजपासून बिनघंटेचा तास!” आणि लगेच बाहेर जाऊन त्यांनी फलकावर तसं लिहूनही टाकलं, लाल खडूने, भोवती फुलं काढून.

वाचक बसले. सर्रर्र. पान उलटलं.

नेहमीची घंटेची वेळ झाली आणि गेली. बाई कौतुकाने बघत होत्या. खिडकीतलं ऊन टेबलावरून सरकून भिंतीवर चढलं. कोणी उठलं नाही. मामा किल्ल्यांचा जुडगा घेऊन दोनदा डोकावून गेले. बाहेर बसथांब्यावर पोरं जमल्याचा गलका ऐकू यायला लागला. रेडिओची बस सुटायची वेळ झाली होती. आजवर त्याने बस कधी चुकवली नव्हती. त्याचं डोकं हललंही नाही.

सर्रर्र. आणि लगेच पुन्हा. सर्रर्र.

दोन पानांमधली सामसूम आखूड होत चालली होती. शेवटी शेवटी गोष्ट रंगात आली की वाचणारा जशी घाई करतो, तशी.

बाई दबक्या पावलांनी टेबलाजवळ गेल्या. सरांच्या खुर्चीमागून वळून शेजारच्या मुलीच्या बाजूला आल्या. इतकी वर्षं त्यांनी वाचणारी माणसं पाहिली होती. वाचणाऱ्याचे डोळे कसे चालतात, ओळीच्या टोकाला जाऊन कसे झटकन मागे येतात, हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. त्यांनी वाकून मुलीचे डोळे पाहिले. मग सरांचे. मग रेडिओचे.

डोळे हलत नव्हते. एकाचेही नाही. उघडे होते, पानावर होते, आणि जागच्या जागी होते. हात तेवढे पानं उलटत होते.

यांच्यापैकी कोणीच वाचत नाहीये, हे बाईंच्या ध्यानात आलं. आणि तरी पान संपत होतं. प्रत्येक वेळी, नेमकं, संपत होतं.

५

बाई आतल्या कपाटाकडे धावल्या. कपाटाला कुलूप, आणि किल्ल्या घेऊन मामा थांब्यावरच्या पोरांना समजवायला गेलेले. मागे सर्रर्र, सर्रर्र. घंटा नाही तर नाही, आवाज तर आहे! त्या परत कक्षात आल्या. ‘शांतता राखा’ची पाटी त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवली होती. तिच्याखाली उभं राहून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा वाचन कक्षात आवाज चढवला, तोही चांगला खणखणीत.

“अहो! बस काय तुमचा काका नेणार आहे? पोरं उन्हात उभी आहेत तिकडे! घरी सिलेंडर संपलाय, नळ गळतोय, सांगून सांगून माझी जीभ झिजली! ऐकू येतंय का? बोला की! एरवी पाहुण्यांना तोंड उघडू देत नाही, आणि आता काय दातखीळ बसलीय? बोला!”

सगळे हात पान उलटता उलटता अर्ध्यावर थांबले. टेबलाभोवती सगळी पानं उभी राहिली. कक्षात इतकी शांतता झाली की बाईंना आपल्याच बांगड्या वाजलेल्या ऐकू आल्या.

त्यांनी नवऱ्याचा दंड धरला आणि त्याला ओढलं. जड जाईल वाटलं होतं, पण तो हलका, लहान मुलासारखा उठला. खुर्ची मागे सरली. बाई त्याला धरून दाराकडे निघाल्या, मागे न बघता. बघायचं नाही असं ठरवलं होतं खरं. पण उंबरठ्यावर पाय अडखळला आणि मान वळली.

सर्रर्र. उभी पानं एकदम खाली आली. रेडिओच्या रिकाम्या खुर्चीपुढे मधमाशांचं पुस्तक उघडंच राहिलं होतं. त्याचंही पान उलटलं. सगळ्यांच्या बरोबर.

वारा असेल. खिडक्या बंद होत्या, पण वारा असेल. बाईंनी दार ओढून घेतलं.

६

बस दुसऱ्या चालकाने नेली होती. बाई नवऱ्याचा हात धरून घराच्या रस्त्याला लागल्या. संध्याकाळचं स्वच्छ ऊन होतं, दुकानं उघडी होती, कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मामांना फोन करायला हवा होता, बाकीच्यांना उठवायला हवं होतं. पण आधी हा. आधी आपला माणूस घरात.

आणि कोपऱ्यावर वळता वळता तो बोलला.

“दमलीस तू.”

बाई थबकल्या. “काय म्हणालात?”

“दमलीस म्हटलं. सकाळी निघताना चप्पल शिवून घ्यायची होती तुला, ती राहिली. उजव्या पायाची.”

बाईंना हसू आलं, रडू आलं, दोन्ही एकदम आलं. बोलतोय! माणूस बोलतोय! “राहू दे हो ती चप्पल,” त्या म्हणाल्या. “बोला तुम्ही. बोलत राहा.” आणि तो बोलत राहिला. दुकानं मागे पडली, गल्ली आली, जिना आला, पट्टा चालूच. शेजारीण गॅलरीतून म्हणाली, “आला का सूर रेडिओला?” बाई तिच्याकडे बघून लहान पोरीसारख्या हसल्या. घरात शिरल्यावर त्यांनी त्याला खुर्चीत बसवलं, चहा ठेवला आणि ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या राहून नुसता त्याचा आवाज ऐकत राहिल्या. इतक्या आठवड्यांचा उपास सुटल्यासारखं वाटत होतं. आनंद मनात मावत नव्हता.

चहा उकळेपर्यंत त्यांनी शब्दांकडे लक्षच दिलं नव्हतं.

“...ती धान्याच्या कणगीमागे लपून वाचत बसायची,” तो सांगत होता. “आई हाका मारायची. एकदा आई हाक मारता मारता पडली. आवाज ऐकूनही ती उठली नाही. धडा संपवून मग उठली. हे तिने कधी कोणाला सांगितलं नाही.”

बाईंच्या हातातला चमचा थांबला. नाही. कोणालाच नाही. बहिणीलाही नाही.

“मग ती ग्रंथालयात लागली. लग्न ठरलं तेव्हा मुलगा फार बोलतो म्हणून तिने मनात नकार दिला होता. पहिल्या रात्री तो झोपेतही बोलला आणि तिला हसू फुटलं. तेव्हापासून तो गप्प होईल अशी तिला भीती वाटायची.” आवाज त्याचाच होता, घोगरा, ओळखीचा. पण तो अडखळत नव्हता. मध्येच हसत नव्हता, भलतीकडे वळत नव्हता. एक वाक्य संपलं की दुसरं, सरळ.

गॅस बंद करून बाई वळल्या. तो खुर्चीत नव्हता. तो त्यांच्या अगदी जवळ येऊन उभा होता.

“हे तुम्हाला कोणी सांगितलं?” बाईंनी विचारलं. आवाज त्यांना वाटला त्याहून बारीक निघाला.

तो सांगतच होता. तिने टेबलाजवळ जाऊन डोळे पाहिले, ती कपाटाकडे धावली, तिने त्याला दंड धरून उठवलं. आणि बाईंना त्याचे डोळे दिसले. आता ते हलत होते. बाईंच्या चेहऱ्यावरून डावीकडून उजवीकडे जात होते, टोकाला पोचले की झटकन मागे येत होते आणि जरा खालून पुन्हा निघत होते. कपाळ केव्हाच मागे पडलं होतं. नाक गेलं. ओठ गेले.

“अहो,” बाई म्हणाल्या. “अहो, मी आहे.”

“ती म्हणाली, अहो, मी आहे,” तो म्हणाला, आणि त्याची नजर हनुवटीवरच्या शेवटच्या ओळीला लागली.

त्याने उजवा हात उचलला. बाईंच्या कानामागे, केसांच्या कडेला, त्याचं बोट हलकेच काहीतरी चाचपत राहिलं. मग त्याला तो कोपरा सापडला.